भाकरीवरची खूण : पापड-भाकर परदेशी जाते तेव्हा

उमरखेड तालुक्यातल्या आम्हा बचतगटांच्या ताया आज पुन्हा तुमच्याशी बोलायला आलो आहोत. हातातलं काम चालू ठेवा. शेवया वळत असाल तर वळा, कापूस निवडत असाल तर निवडा. आज बोलायचं आहे तेही आपल्या हातच्याच वस्तूबद्दल. भाकर आणि पापड. घरात रोज होणारी ही वस्तू पाकिटात बसून समुद्रापार कशी गेली, तिथल्या कायद्यांनी तिला काय काय विचारलं, आणि त्यातून आपण काय घ्यायचं, ही आजची गोष्ट.

आधी आमची फजिती सांगतो.

गेल्या हिवाळ्यात एका मोठ्या शहरातल्या व्यापाऱ्यानं आमच्या ग्रामसंघाकडं कडक भाकरीची तीनशे पाकिटं मागितली. एका पाकिटात पाच भाकरी. माल परदेशातल्या भारतीय दुकानांत जाणार होता. आम्ही हरखून गेलो. पैनगंगेकाठची जवारी विमानात बसणार म्हणून चौदा घरांत तवे तापले. आठ दिवसांत पाकिटं भरली, चिकटवली, पोत्यात घालून रवाना केली. पंधरा दिवसांनी पोती परत आली. चाळीसेक पाकिटांत भाकरीला बुरशी लागली होती. बाकीची चांगली होती, पण त्यानं सगळाच माल नाकारला. सोबत फोनवर त्यानं पाच प्रश्न विचारले. ही भाकर कोणत्या दिवसाची? कोणत्या घरातली? जवारी कोणत्या गिरणीत दळली? त्यात मिठाशिवाय काय आहे? आणि बुरशीचा माल नेमका किती, बाकीचा चांगला कशावरून? एकाही प्रश्नाचं उत्तर आमच्याकडं नव्हतं.

जवारी, पाकिटं, गाडीभाडं मिळून अकरा हजार रुपये बुडाले. पण त्याहून वाईट गोष्ट बैठकीत झाली. बुरशी कोणाच्या भाकरीला लागली, यावर वाद पेटला आणि बोट गेलं एका काकूकडं. का, तर तिचं घर एका खोलीचं, अंधारं, ओलसर. काकू काही बोलली नाही. पुढच्या बैठकीपासून ती आलीच नाही.

ही गोष्ट इथंच थांबवतो, शेवटी परत येऊ. आधी त्या पाच प्रश्नांचा इतिहास पाहू. आम्हाला वाटलं होतं, हे परदेशी लोकांचे नखरे आहेत. शोधायला लागलो तेव्हा कळलं, हे प्रश्न भाकरीइतकेच जुने आहेत.

इंग्लंडमध्ये सुमारे १२६६ साली पावाचा कायदा झाला. धान्याचा भाव चढला-उतरला की त्या प्रमाणात पावाचं वजन किती असावं, हे त्यात ठरवून दिलं होतं. वजन कमी भरलं तर भटारखानेवाल्याला दंड, वारंवार केलं तर भर चौकात खोड्यात अडकवायचे. म्हणतात की त्या भीतीनं तिथले लोक डझनाला बाराऐवजी तेरा पाव द्यायला लागले. म्हणजे भाकरीच्या वजनावर सरकारची नजर साडेसातशे वर्षांपूर्वीही होती.

पुढं शहरं वाढली. लोकांना कोणाच्या हातचं खातो हे कळेनासं झालं. लंडनमध्ये पाव पांढराशुभ्र दिसावा म्हणून पिठात तुरटी घालायचे. १८२० साली फ्रेडरिक अ‍ॅकम नावाच्या रसायनतज्ज्ञानं खाण्यापिण्यातल्या भेसळीवर पुस्तक लिहिलं आणि खळबळ उडाली. तरी पहिला भेसळविरोधी कायदा व्हायला १८६० साल उजाडलं, आणि जरा दात असलेला कायदा आला १८७५ साली. अमेरिकेत तसा देशभराचा कायदा १९०६ साली झाला. आपल्याकडं भेसळ प्रतिबंधक कायदा १९५४ सालचा, आणि आज ज्याच्या नावानं पाकिटावर चौदा आकडी नंबर टाकतो तो अन्नसुरक्षा कायदा २००६ सालचा.

या सगळ्या कायद्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. गावात आपण शेजारणीची भाकर डोळे मिटून खातो, कारण तिची चूल, तिचं पाणी, तिचे हात आपण पाहिलेले असतात. हजार कोसांवर खाणाऱ्याला हे काहीच दिसत नाही. जे त्याला दिसत नाही ते पाकिटानं सांगावं, एवढीच कायद्याची मागणी आहे.

आता आपल्या महाराष्ट्रातली गोष्ट. ती तुम्हाला थोडी ठाऊक असेल, पण आज ती वेगळ्या बाजूनं पाहू.

१५ मार्च १९५९. मुंबईतलं गिरगाव. लोहाणा निवास नावाच्या इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी जमल्या. त्यांत जसवंतीबेन पोपट होत्या. भांडवल ऐंशी रुपये, तेही उसने. ते दिले छगनलाल करमसी पारेख यांनी. लोक त्यांना छगनबापा म्हणत. त्या दिवशी पापडाची चार पाकिटं तयार झाली आणि ती भुलेश्वरच्या एका व्यापाऱ्याला विकली. आजचं लिज्जत पापड ते हेच.

सुरुवातीला बायांनी आपल्यासारखाच विचार केला. एक भारी पापड करू, एक जरा हलका आणि स्वस्त करू. छगनबापांनी त्यांना सांगितलं की एकच करा, आणि तो चांगलाच करा. दर्जात तडजोड नको, आणि हिशेब चोख ठेवा. पहिल्या वर्षी पावसाळ्याचे चार महिने काम बंद पडलं, कारण पापड वाळवायला ऊन नाही. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणली, एक स्टोव्ह आणला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. पाऊस पडो की न पडो, पापड वाळू लागला. हे ऐकून आम्ही कपाळाला हात लावला. आमच्या चाळीस पाकिटांचा घोटाळा ओलाव्याचाच होता, आणि त्यावरचा उपाय त्या बायांनी साठ-पासष्ट वर्षांपूर्वी एका खाटेवर शोधला होता.

पहिल्या वर्षाची विक्री होती ६,१९६ रुपये. तीन वर्षांत बायांची संख्या तीनशेच्या पुढं गेली. १९६२ साली 'लिज्जत' हे नाव घेतलं. १९६६ च्या जुलैत संस्थेची नोंदणी झाली आणि त्याच वर्षी खादी व ग्रामोद्योग आयोगानं तिला मान्यता दिली. २००२ च्या सुमारास संस्थेची उलाढाल तीनशे कोटींवर होती आणि दहा कोटींच्या आसपासचा माल परदेशी जात होता. २०२१ साली जसवंतीबेनना पद्मश्री मिळाली.

आकडे मोठे आहेत, पण आपल्याला पाहायची आहे कामाची रीत. पीठ घरोघरी मळत नाहीत. उडीद, मिरी, हिंग शाखेत एकत्र येतं, पीठ तिथंच एका मापानं मळलं जातं. बहिणी सकाळी ते मोजून घरी नेतात, लाटतात, वाळवतात आणि दुसऱ्या दिवशी मोजून परत देतात. किती पीठ नेलं, किती पापड आणले, याची रोज नोंद होते आणि त्यावर लाटणावळ मिळते. पापड तपासूनच घेतात. बहिणीचं घर स्वच्छ आहे का, हे संस्थेच्या बाया जाऊन पाहतात. म्हणजे लाटणारे हात हजारो, पण पीठ एक, माप एक आणि नोंद रोजची.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. एवढी मोठी संस्था, पण परदेशातल्या दुकानाशी थेट व्यवहार करत बसली नाही. निर्यात करणाऱ्या व्यापाऱ्यांना माल द्यायचा आणि त्यांनी तो बाहेर न्यायचा, अशी रीत ठेवली. आपलं बळ कशात आहे हे त्या बायांनी ओळखलं होतं. बंदरावरची कागदपत्रं ज्याला जमतात त्यानं करावीत, आपण पापड चुकू द्यायचा नाही.

मग परदेशात गेल्यावर त्या पाकिटाचं काय होतं? अमेरिकेचं उदाहरण घेऊ. २००३ च्या डिसेंबरपासून तिथं नियम आहे की खाण्याचा माल बनवणाऱ्या परदेशी कारखान्याची तिथल्या अन्न खात्याकडं नोंदणी हवी, आणि माल बंदरावर पोचण्याआधीच 'अमुक माल येतो आहे' अशी सूचना द्यायला हवी. २०११ साली कायदा आणखी कडक झाला. माल मागवणाऱ्या आयातदारानंच खात्री करायची की तिकडं बनवणारा नीट बनवतो. माल खराब निघाला तर आधी गळा त्याचा धरला जातो. आता कळलं ना, व्यापाऱ्यानं आम्हाला पाच प्रश्न का विचारले? त्याला पुढं कोणीतरी तेच विचारणार होतं.

या साखळीतली एक कडी निसटली तर काय होतं, त्याची दोन उदाहरणं आपल्याच मालाची आहेत.

पहिलं मिरचीचं. २००३ साली फ्रान्समध्ये भारतातून गेलेल्या मिरचीच्या मालात सुदान नावाचा रंग सापडला. हा रंग कापडाला, मेणाला, तेलाला द्यायचा. खायचा नव्हे. तिखट लालभडक दिसावं म्हणून कोणीतरी तो घातला. युरोपनं लगेच तपासणीचा दाखला सक्तीचा केला. तरी त्याआधी गेलेल्या तिखटाची एक खेप इंग्लंडमध्ये एका सॉसमध्ये पडली, तो सॉस शेकडो पदार्थांत पडला, आणि २००५ च्या फेब्रुवारीत चारशेहून जास्त पदार्थ दुकानांतून मागं घ्यावे लागले. मूठभरांनी रंग घातला आणि प्रामाणिक शेतकऱ्याच्या मिरचीकडंही संशयानं पाहिलं गेलं.

दुसरं तिळाचं. २०२० साली बेल्जियममध्ये भारतातून आलेल्या तिळात इथिलीन ऑक्साइडचा अंश सापडला. जंतू मारायला या वायूची धुरी देतात. युरोपात खाण्याच्या मालावर तो वापरायला बंदी आहे. ते तीळ पावावर, बिस्किटांवर लागून देशोदेशी पोचले होते. तो सगळा माल परत मागवावा लागला. संक्रांतीला आपण भाकरीवर तीळ लावतो. ती भाकर बाहेर पाठवायची, तर तीळ कुठून आणले आणि त्याला कशाची धुरी दिली, हे सांगता आलं पाहिजे.

आता घरातलं बोलू, कारण सगळ्यात मोठी चूक तिथंच होते. काही माणसांना विशिष्ट पदार्थ चालतच नाही. कोणाला शेंगदाणा, कोणाला तीळ, कोणाला गहू. चुकून खाल्ला तर अंगाला सूज येते, श्वास कोंडतो, जीवही जाऊ शकतो. म्हणून हे पदार्थ पाकिटावर स्पष्ट लिहावे लागतात. अमेरिकेत २००६ पासून आठ पदार्थांची सक्ती होती, १ जानेवारी २०२३ पासून त्यात तिळाची भर पडली. युरोपात अशा चौदा पदार्थांची यादी आहे. शेंगदाणा, गहू, दूध, सोयाबीन यांची नोंद आपल्याकडच्या पाकिटावरही करावी लागते.

तुम्ही म्हणाल, आमच्या जवारीच्या भाकरीत गहू कुठून येणार? बरोबर. जवारीत गव्हासारखा चिकट ग्लुटेन नसतो, म्हणून तर ज्यांना गहू चालत नाही ते लोक बाहेरदेशी आपली भाकर शोधतात. पण गिरणी आठवा. आपल्या आधी कोणीतरी गव्हाचं दळण टाकलेलं असतं. ते पीठ जात्यात, डब्यात राहतं आणि आपल्या जवारीत येतं. अमेरिकेत 'ग्लुटेन नाही' असं छापायचं तर २०१३ च्या नियमाप्रमाणं दहा लाख भागांत वीस भागांहून कमी ग्लुटेन असावं लागतं. म्हणजे क्विंटलभर पिठात अवघं दोन ग्रॅम. चिमूटभरच म्हणा ना.

आणि पापडातला हिंग? बाजारात मिळणारा बांधणीचा हिंग शुद्ध नसतो, त्यात बहुतेक वेळा मैदा मिसळलेला असतो. डबीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, आजच वाचून पाहा. उडदाच्या पापडात गहू नाही असं आपण शपथेवर सांगू आणि हिंगातून तो आत शिरलेला असेल. यात कोणाची लबाडी नाही. पण ज्याला गहू बाधतो त्याला आपली लबाडी आणि आपलं अज्ञान यात काय फरक?

नावाचीही गंमत आहे. पाकिटावर वस्तूला काय म्हणता, यावर कर ठरतो. २०२० साली कर्नाटकात निकाल लागला की परोटा म्हणजे रोटी नव्हे, म्हणून रोटीला पाच टक्के आणि परोट्याला अठरा टक्के जीएसटी. देशभर लोक हसले. २०२१ साली पापडाच्या आकारावरून चर्चा झाली, तेव्हा केंद्राच्या कर खात्याला सांगावं लागलं की पापड कोणत्याही आकाराचा असो, त्याला जीएसटी नाही. शेवटी २२ सप्टेंबर २०२५ पासून चपाती, रोटी, पराठा सगळ्यांचाच कर शून्य झाला. परदेशातही तसंच असतं. तूप लावलेली पोळी आणि बिनतुपाची भाकर या दोन वेगळ्या वस्तू ठरतात. दूध-तूप आलं की जनावरांपासूनच्या पदार्थांचे वेगळे, फार कडक नियम लागतात. म्हणून पुरणपोळीपेक्षा साधी कडक भाकर बाहेर पाठवणं सोपं.

कडक भाकरीचं नाव घेतलं की सोलापूरकडं पाहावं लागतं. तिकडं पातळ, खुसखुशीत, महिनोन् महिने टिकणारी भाकर आणि शेंगाचटणी हा जुना मेळ. बायांनी घरी थापून, वाळवून त्याचा धंदा उभा केला. जवळच्या मंगळवेढ्याच्या जवारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं, तेव्हा जवारीकडं शहरांचंही लक्ष गेलं. ती भाकर टिकते, कारण तिच्यात पाणी उरत नाही. पाणी नाही तर बुरशी नाही. यात दुसरं गुपित काहीच नाही.

आता आमच्या गोष्टीकडं परत येऊ. परत आलेली पोती कोपऱ्यात पडून होती. तीन आठवड्यांनी चांगली पाकिटं वेगळी काढायला म्हणून उघडली. बुरशीची एकेक भाकर हातात घेतली आणि आमच्यातली एक ताई थबकली. त्या भाकरींवर तीळ होते. बदनाम झालेली काकू साधी भाकर करते, तिच्या भाकरीवर तीळ कधीच नसतात. तीळ लावणारी घरं दोनच होती. दोन्ही घरं चांगली, उजेडाची, टाईल बसवलेली. मग चूक कुठं झाली ते उमगलं. गाडी येणार म्हणून तिथं घाई झाली, भाकर पुरती निवायच्या आत पाकिटात गेली, आतल्या आत घाम सुटला.

आम्हाला फार लाज वाटली. आम्ही घर पाहून निकाल दिला होता, भाकर पाहून नव्हे. आम्ही चौघीजणी काकूकडं गेलो, चुकलो म्हणालो. तिनं चहा केला. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मी येतो, पण माह्या भाकरीवर माही खूण टाका. मंग चांगली निघाली तरी माही, वाईट निघाली तरी माही."

तायांनो, व्यापारी ज्याला बॅच नंबर म्हणतो, तो हाच. आम्हाला वाटत होतं, तो नंबर परदेशातल्या साहेबासाठी असतो. खरं तर तो आधी आपल्या बाईसाठी असतो. नोंद असती तर चाळीसच पाकिटं फेकावी लागली असती, दोनशे साठ वाचली असती. आणि काकूचं नाव एका मिनिटात मोकळं झालं असतं. नोंद नसली की दोष नेहमी गरीब घराच्या दारात जाऊन बसतो.

आता आम्ही काय करतो ते सांगतो. जवारी एकत्र घेतो आणि गिरणीवाल्या दादाला सांगून आठवड्यातला एक दिवस ठरवला आहे. त्या दिवशी गिरणी झाडून, पुसून, पहिलं पायलीभर पीठ बाजूला काढून मग आमचं दळण पडतं. एवढ्यानंही गहू पुरता जातो असं नाही, म्हणून पाकिटावर 'गहू दळणाऱ्या गिरणीत दळलेले' असं खरं ते लिहितो. प्रत्येक घराला एक नंबर दिला आहे. पाकिटावर घराचा नंबर, भाजल्याची तारीख आणि दळणाचा नंबर. भाकर रात्रभर जाळीवर निवल्याशिवाय पाकीट बंद होत नाही. प्रत्येक दिवसाचं एक पाकीट आमच्याकडं ठेवून घेतो आणि दर पंधरा दिवसांनी उघडून पाहतो. वही दोघी मिळून लिहितात, एक लिहिते, दुसरी वाचून पाहते.

अन्नसुरक्षेची नोंदणी झाली आहे. निर्यातीसाठी लागणारा आयात-निर्यात क्रमांक आम्ही अजून घेतलेला नाही, घाईही नाही. आधी उमरखेडचा बाजार, मग नांदेड, मग नागपूर. इथं वर्षभर एकही पाकीट परत आलं नाही, तर पुढच्या वर्षी निर्यात करणाऱ्या व्यापाऱ्याकडं स्वतःहून जाऊ. तेव्हा पाच प्रश्न त्यानं विचारायच्या आधी वही त्याच्या पुढ्यात ठेवू. तुमच्या गटाला कोणी 'परदेशी माल पाठवून देतो, आधी मशीन घ्या, कर्ज काढा' असं सांगत असेल, तर मशीनच्या आधी वही घ्या. ती वीस रुपयांत येते.

पुढच्या बैठकीसाठी एक काम सांगतो. घरातली हिंगाची डबी, मसाल्याचं पाकीट, पापडखाराची पुडी घेऊन या. त्यावर काय काय छापलं आहे, ते सगळ्या मिळून वाचू. ज्यांना वाचता येत नाही त्यांना लेकी-सुना वाचून दाखवतील.

काकूचा नंबर सात आहे. सध्या आमच्याकडं सात नंबरच्या भाकरीला सगळ्यात जास्त मागणी आहे. येतो आम्ही, नमस्कार.